आकाशातले पट्टे

दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावरच्या आकाशात पट्टे उमटले की पहिला फोन छापखान्याला जातो. शाई नीट सोडली नाही, प्लेट बिघडली, मशीन जुने झाले, असे सगळे छापणारा निमूट ऐकून घेतो. बिल निघायचे असते ना!

खरे तर ते पट्टे बहुतेक वेळा डिझायनरच्या टेबलावरच जन्मलेले असतात. नेहमीच्या 8 बिटच्या फाइलीत कोऱ्या कागदापासून भरगच्च शाईपर्यंत एका रंगाच्या 256 छटा मावतात. आकाशासाठी निळ्या शाईचा ग्रेडियंट 30 टक्क्यांपासून 10 टक्क्यांपर्यंत उतरवला, तर त्यातल्या जेमतेम 51 वाट्याला येतात. पान 25 सेंटिमीटर उंच असेल तर एकेका छटेची पट्टी जवळजवळ 5 मिलिमीटर रुंद. शेजारच्या दोन छटांतला फरक तसा नगण्य, पण त्या जिथे भिडतात तिथे डोळा तो वाढवून पाहतो. अर्न्स्ट माख या भौतिकशास्त्रज्ञाने 1865 मध्येच डोळ्याची ही खोड लिहून ठेवली आहे.

प्लेटचे म्हणाल तर 2400 डीपीआयवर 150 लाइनची जाळी धरली की एका ठिपक्यासाठी 16 बाय 16 ची चौकट मिळते; सरळ हिशेबाने 257 छटा, म्हणजे फाइलीत आहेत तेवढ्या सगळ्या उतरतात. तीच जाळी 1200 डीपीआयवर काढली तर मात्र 65 उरतात. तेव्हा छापखान्याला खुशाल बोल लावावा.

फोटोचे दुखणे थोडे निराळे. चांगला कॅमेरा रॉ फाइलीत 14 बिट, म्हणजे 16,384 पातळ्या टिपतो. आपण आधी त्याचे 8 बिटचे जेपेग करतो आणि मग कर्व्हज ओढून आकाश ‘उठावदार’ करतो. ताणताना मधल्या छटा निसटतात. नंतर फाइल 16 बिट केली तरी त्या परत येत नाहीत. सगळे संस्कार 16 बिटमध्ये उरकून 8 बिटवर अगदी शेवटी यावे, एवढी साधी शिस्त. पण अंक उद्या प्रेसला जायचा असतो.

यावरचा जुना इलाज लोकांना पटत नाही, कारण त्यात चित्र थोडे मळवावे लागते. लॉरेन्स रॉबर्ट्स (पुढे अर्पानेटमुळे नाव झालेले तेच) यांनी 1962 मध्ये दाखवले की चित्रात मुद्दाम बेशिस्त ठिपक्यांचा गोंगाट मिसळला तर कमी बिटांतही पट्टे मोडतात. फोटोशॉपमधले ‘ॲड नॉइज’ हेच करते. एक-दोन टक्के पुरतात, आणि छापल्यावर ते रवाळपण हाफटोनच्या जाळीत बहुधा दिसतही नाही. पण संपादक पडद्यावर चित्र चारपट मोठे करून बघतात. ‘हे खरखरीत का दिसतंय? जरा क्लीन करा,’ असा निरोप येतो आणि आकाश पुन्हा गुळगुळीत होते. या गुळगुळीतपणाच्या सोसापायी मुखपृष्ठे जितकी बिघडली, तितकी जुन्या मशीनपायी क्वचितच बिघडली असतील.

एखादा डिझायनर हट्टाने तो गोंगाट राखतोही. मग कोणीतरी घाईत तेच चित्र व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून छापखान्याला धाडतो, आणि तिथे आकार कमी करताना पहिली कात्री त्या बारीक ठिपक्यांनाच लागते.