विश्लेषण : विंडोज १०चा आधार संपला, वर्ध्यातील जुन्या संगणकांना लिनक्स तारेल का?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टिमचा मोफत आधार थांबवला. संगणक त्या दिवशी बंद पडले नाहीत. पण सुरक्षेतील त्रुटी बुजवणारी नेहमीची अपडेट थांबली. वर्धा, सेलू, देवळी, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट आणि समुद्रपूर या आठही तालुक्यांत शाळांचे संगणक कक्ष, डीटीपीची दुकाने, पतसंस्था आणि घरे यांत सात-आठ वर्षांपूर्वी घेतलेला संगणक अजून धडधाकट असेल, तर त्याचे करायचे काय? भंगारात काढायचा, तसाच वापरायचा, की त्यावर फुकट मिळणारे लिनक्स टाकायचे?

नेमका पेच काय?

विंडोज ११ फुकट घेता येते, पण ती प्रत्येक संगणकावर चालत नाही. तिला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. प्रोसेसरची अटही आहे. इंटेलच्या बाबतीत साधारण आठव्या पिढीपासूनचे, म्हणजे २०१७ च्या उत्तरार्धानंतर बाजारात आलेले प्रोसेसर चालतात. त्यामुळे आय-५ प्रोसेसर आणि ८ जीबी रॅम असलेला २०१६ चा चांगला संगणकही यादीबाहेर जातो.

मुदतवाढीची सोय आहे. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. त्यासाठी एक तर ३० डॉलर भरायचे किंवा संगणकाची सेटिंग्ज मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी जोडायची. शिक्षणसंस्थांना तीन वर्षांची सवलत असून एका संगणकामागे पहिल्या वर्षी १, दुसऱ्या वर्षी २ आणि तिसऱ्या वर्षी ४ डॉलर असा दर आहे. म्हणजे शाळेने घाईने संगणक मोडीत काढण्याचे कारण नाही. तीन वर्षांची उसंत ७ डॉलरमध्ये मिळते. या काळात पुढची तयारी होते की नाही, हा खरा प्रश्न आहे.

लिनक्सचे इतके प्रकार का?

फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा लिहिला. त्याच्या जोडीला रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पातील साधने आली. हा सगळा कोड खुला असल्याने कुणीही तो घेऊन, स्वतःची निवड करून, वेगळा संच बनवू शकतो. डेबियन, उबुंटू, लिनक्स मिंट, फेडोरा हे असेच संच. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने भारतीय भाषांचा विचार करून ‘बॉस’ हा डेबियनवर आधारित संच काढला आहे.

नवख्याने या गर्दीत हरवून जाऊ नये. संच निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात : सुरक्षा अपडेट किती वर्षे मिळणार, आपल्या संगणकाला तो झेपेल का आणि अडचण आल्यास विचारायला माणसे आहेत का. दिसायला कोणता देखणा, हा मुद्दा त्यानंतरचा.

कोणत्या संगणकावर काय चालेल?

विंडोजच्या सवयीच्या माणसाला लिनक्स मिंट सर्वात कमी परके वाटते. खाली डाव्या कोपऱ्यात मेन्यू, खाली पट्टी, सगळे ओळखीचे. मिंटची २२ ही मालिका उबुंटू २४.०४ वर उभी असून तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. किमान २ जीबी रॅम सांगितली असली तरी ४ जीबी असेल तरच काम सुखाने होते. रॅम कमी असल्यास मिंटचीच एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्यावी. वर्षानुवर्षे न बदलता चालणारी व्यवस्था हवी असेल तर डेबियन बरा. त्याची १३ वी आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये आली.

एक धोक्याची सूचना. फार जुन्या, ३२ बिटच्या संगणकांना आता मुख्य संचांनी निरोप दिला आहे. उबुंटूने तो आधीच दिला होता. डेबियन १३ मध्येही अशा संगणकांसाठी इन्स्टॉलर नाही. तेथे पैसे आणि वेळ घालवू नये. उलट, ६४ बिटचा संगणक केवळ मंद झाला असेल, तर जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवल्यास जो फरक पडतो, तो कोणत्याही ऑपरेटिंग सिस्टिमने पडत नाही.

प्रिंटर, वाय-फाय, अंगठ्याचे यंत्र यांचे काय?

लिनक्सवर जाण्याचा बेत बहुतेक वेळा फसतो तो संगणकामुळे नव्हे, त्याला जोडलेल्या वस्तूंमुळे. इंटेलची वाय-फाय चिप असेल तर काही करावे लागत नाही. ब्रॉडकॉमच्या काही चिप आणि यूएसबीत खोचायचे स्वस्त वाय-फाय तुकडे मात्र डोकेदुखी ठरू शकतात. एचपीच्या बऱ्याच प्रिंटरसाठी एचपीएलआयपी हे सॉफ्टवेअर लिनक्सवर उपलब्ध आहे. पण आपल्याकडच्या दुकानांत आणि कार्यालयांत हमखास दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० हा कंपनीच्या स्वतःच्या ‘कॅप्ट’ पद्धतीवर चालतो. लिनक्सवर तो चालवायला वेगळी खटपट लागते आणि ती प्रत्येकाला जमेल असे नाही.

सेवा केंद्रांनी अधिक जपून राहावे. ठसे घेणारे यंत्र, त्याची आरडी सेवा, डिजिटल सहीचा टोकन यांचे लिनक्ससाठीचे सॉफ्टवेअर आहे का, हे यंत्राच्या नेमक्या मॉडेलनुसार तपासावे लागते. टॅली प्राइम हे विंडोजसाठी बनलेले आहे. ज्यांची रोजची कमाई या गोष्टींवर आहे, त्यांनी त्या एका संगणकावर विंडोजच ठेवणे शहाणपणाचे.

मराठी काम होईल का?

युनिकोडमध्ये होणारे सगळे काम होते. इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक असे दोन्ही कळफलक मिळतात, लोहित आणि नोटो हे देवनागरी फॉन्ट मोफत आहेत आणि लिबरऑफिसचे मेन्यूही मराठीत करता येतात. अडचण आहे ती जुन्या पद्धतीच्या फॉन्टची. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेल्या लग्नपत्रिका, प्रश्नपत्रिका, अहवाल हे युनिकोडमध्ये रूपांतर केल्याशिवाय उपयोगाचे नाहीत, आणि रूपांतरानंतर जोडाक्षरे डोळ्यांखालून घालावीच लागतात. डीटीपीच्या धंद्याला म्हणून लिनक्स आज तरी सोयीचे नाही. पत्रव्यवहार, शाळेचे निकाल, इंटरनेट, व्हिडीओ यांना मात्र काही आडकाठी नाही. एक्सेलमध्ये मॅक्रो वापरणाऱ्यांनी आपल्या फाइल लिबरऑफिसमध्ये आधी उघडून पाहाव्यात.

इतरांचा अनुभव काय सांगतो?

केरळने ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ हा उपक्रम २००१ मध्ये सुरू केला आणि पुढे सरकारी शाळांतील संगणक शिक्षण पूर्णपणे मुक्त सॉफ्टवेअरवर नेले. ते टिकले, कारण केवळ सीडी वाटून काम थांबले नाही. शिक्षकांना प्रशिक्षण दिले, पाठ्यपुस्तके त्याच सॉफ्टवेअरवर लिहिली आणि परीक्षाही त्यावरच घेतली. उलट उदाहरण जर्मनीतील म्युनिकचे. या शहराच्या प्रशासनाने मोठा गाजावाजा करून हजारो संगणक लिनक्सवर नेले. पण २०१७ मध्ये विंडोजकडे परतण्याचा निर्णय घेतला. बाहेरच्या कार्यालयांशी फाइलींची देवाणघेवाण आणि कर्मचाऱ्यांच्या तक्रारी ही त्यामागची कारणे सांगितली गेली. राजकीय बदलाचाही त्यात वाटा होता. केंद्र सरकारने २०१५ मध्ये ओपन सोर्सला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. पण धोरणामागे प्रशिक्षण नसेल तर कक्षातला संगणक महिनाभरात पुन्हा पूर्वीच्या वाटेला लागतो.

दुरुस्ती कोण करणार?

यंत्राची पारख कशी करावी, हा प्रश्न वर्ध्याला नवा नाही. अखिल भारत चरखा संघाने १९२९ मध्ये सुधारित चरख्यासाठी १ लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. त्याच्या अटींत वेगाइतकेच महत्त्व इतर गोष्टींना होते : किंमत १५० रुपयांपेक्षा जास्त नको, यंत्र किमान २० वर्षे चालावे आणि देखभालीचा वार्षिक खर्च किमतीच्या ५ टक्क्यांपेक्षा अधिक नसावा. पुढे मगनवाडीत ग्रामोद्योग संघ आला, १९३८ मध्ये मगन संग्रहालय उभे राहिले, आणि गावाला झेपेल ते तंत्र कोणते, याचा विचार तेथे होत राहिला.

संगणकालाही हीच पारख लावता येते. लिनक्सची किंमत शून्य आहे, पण देखभालीची नाही. आष्टी किंवा समुद्रपूरच्या शाळेत अडचण आल्यावर प्रत्येक वेळी नागपूरहून माणूस बोलवावा लागणार असेल, तर फुकटची वस्तू महाग पडते. म्हणून शाळेतला एक शिक्षक आणि चार विद्यार्थी ही दुरुस्ती शिकलेले असणे, ही लिनक्स बसवण्याआधीची अट मानावी.

शिकायचे कुठून? पुस्तके कोणती?

पुस्तक घेताना ते कोणत्या आवृत्तीवर लिहिले आहे, हे आधी पाहावे. मेन्यूंच्या चित्रांनी भरलेले पुस्तक दोन-तीन वर्षांत शिळे होते. आज्ञा आणि त्यामागचे कारण समजावणारे दहा वर्षे पुरते. या कसोटीवर विल्यम शॉट्स यांचे ‘द लिनक्स कमांड लाइन’ उतरते आणि त्याची पीडीएफ अधिकृतपणे मोफत मिळते. डेबियन वापरणाऱ्यांसाठी राफाएल हर्टझोग आणि रोलां मास यांचे ‘द डेबियन अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स हँडबुक’ही मोफत आहे, मात्र ते नवख्यासाठी नसून कक्ष सांभाळणाऱ्यासाठी आहे. संगणक आतून कसा चालतो हे जाणून घ्यायचे तर ब्रायन वॉर्ड यांचे ‘हाउ लिनक्स वर्क्स’ विकत घेण्याजोगे आहे.

ही तिन्ही पुस्तके इंग्रजीत आहेत. मराठीत शिकायचे तर आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पाकडे जावे. लिनक्स आणि लिबरऑफिसचे छोटे-छोटे पाठ तेथे मराठी आवाजात मोफत आहेत.

निर्णय घेण्यापूर्वी काय करावे?

८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंट उतरवून घ्यावे आणि संगणक त्यावरून सुरू करावा. हार्ड डिस्कला हात न लावता लिनक्स चालवून पाहता येते. वाय-फाय, आवाज, प्रिंटर, मराठी टायपिंग आणि झोपवलेला संगणक पुन्हा जागा होणे, या पाच गोष्टी तपासाव्यात. पेनड्राइव्हवर ते थोडे मंद चालेल, त्यावरून वेगाचा अंदाज बांधू नये. सगळे जुळले तरी फाइलींची प्रत बाहेर काढल्याशिवाय इन्स्टॉल करू नये. दहा संगणकांच्या कक्षात आधी दोनच बदलावेत, एक सत्र वापरावेत, अडलेल्या गोष्टी वहीत लिहाव्यात आणि मगच उरलेल्या आठांचे ठरवावे.