थापी कोणाच्या हातात?

‘स्वतःचं घर स्वतः बांधा’ असं सांगणारी शिबिरं हल्ली बरीच होतात. माती, चुना, बांबू, कमीत कमी सिमेंट, लहानसं घर. पर्यावरणाच्या अंगाने ही मांडणी मला मान्यच आहे. पण लातूर-धाराशिवच्या गावांमध्ये बचत गटांबरोबर काम करताना प्रश्न पडतो, या ‘स्वतः’मध्ये बाई कुठे आहे?

मातीचं घर आपोआप टिकत नाही. पावसाळा सरला की भिंती लिंपायच्या, जमीन सारवायची, त्यासाठी शेण गोळा करायचं, डोक्यावरून माती आणायची. हे सगळं बाई करते आणि त्याला कुणी बांधकाम म्हणत नाही. मजुरी तर दूरच. बांधकामावर जावं तर तिथेही तेच. घमेली, विटा, पाणी बाईने वाहायचं. थापी आणि ओळंबा पुरुषाकडे. तो गवंडी, ती बिगारी. समान वेतनाचा कायदा १९७६ साली आला, पण तो सारख्या कामाला लागू होता. कामच वेगळं ठेवलं की मजुरी कमी द्यायला वाट मोकळी!

“बायकांना त्यातलं काय कळतं?” असं विचारणाऱ्यांनी ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवावी. किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं झोपेतच गाडली गेली. रुंद दगडी भिंतींच्या दोन पडी, त्यांना एकमेकींशी बांधणारे आरपार दगड नाहीत आणि वर माळवदाच्या मातीचा भार. बांधणारे गवंडी पुरुषच होते. पुढे घरांच्या मजबुतीकरणाच्या कार्यक्रमात ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ने गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभं केलं. भिंत कशी बांधून घ्यायची, माळवदाचं ओझं का उतरवायचं, हे त्या शिकल्या आणि घरोघर सांगत फिरल्या. २००१ साली कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा इथल्या बायका तिथल्या बायकांना आपला अनुभव द्यायला गेल्या. कळतं की नाही, याचं उत्तर तेव्हाच मिळालं आहे.

आज ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे जेमतेम २७० चौरस फूट आहे. घर बाईच्या किंवा दोघांच्या नावावर असावं, असं नियम सांगतो. कागदावर नाव लागतंही. पण चुलीचा धूर कुठून जाणार, ओटा किती उंच, न्हाणीला आडोसा कुठे, हे ठेकेदार आणि घरातले पुरुष ठरवतात. इतक्याशा जागेत जी दिवसभर वावरणार, तिलाच कुणी विचारत नाही.

मैत्रिणींनो, सुरुवात परसातल्या न्हाणीपासून करू या. चार-पाच फुटांचं काम. पण पाया, ओळंबा, विटांचे सांधे एकावर एक न येऊ देणं, पाण्याचा उतार, सगळं त्यात शिकता येतं. सांडपाणी केळीला, अळूला जातं. मात्र हे फुकटच्या राबण्यात आणखी एक भर ठरू द्यायचं नाही. म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात: गवंडीकामाच्या प्रत्येक प्रशिक्षणात निम्म्या जागा बायकांना, शिकताना रोजची मजुरी, शिकल्यावर गवंड्याचाच दर आणि घराचा नकाशा बाईच्या संमतीशिवाय मंजूर नाही.

हे मान्य असेल तर शाश्वत घराच्या गप्पा जरूर करू. नाहीतर टिकणार आहे ते फक्त बाईच्या डोक्यावरचं घमेलं.