आधी कृपा, मग इच्छा

ख्रिस्तावर विश्वास ठेवतो तो माणूसच. त्याच्या वतीने देव विश्वास ठेवत नाही. तरीही तो विश्वास देवाचे दान आहे, असे रिफॉर्म्ड परंपरा सांगते. या दोन विधानांचा मेळ इच्छेच्या स्वरूपात आहे.

पतनानंतर माणसाची इच्छा नाहीशी झाली असे या परंपरेचा प्रमुख धर्मशास्त्रज्ञ कॅल्व्हिन म्हणत नाही. बिघडली आहे ती तिची ओढ. पाप करायला माणसाला कोणी भाग पाडत नाही, तो ते मनापासून करतो. पण आपणहून देवाकडे वळणे त्याला जमत नाही. कॅथलिक पंडित पिघियस याला १५४३ मध्ये दिलेल्या उत्तरात कॅल्व्हिनने अपरिहार्यता आणि सक्ती यांतला फरक मांडला. देव वाईट होऊच शकत नाही, म्हणून त्याचा चांगुलपणा सक्तीचा ठरतो का? साऱ्या वादाची किल्ली इथे आहे, आणि टीकाकारांच्या हातून बहुधा तीच निसटते.

डच धर्मशास्त्रज्ञ आर्मिनियसच्या अनुयायांनी १६१० मध्ये हॉलंडमध्ये पाच कलमे मांडली. कृपेवाचून विश्वास नाही, हे त्यांनाही मान्य होते. मात्र कृपेला माणूस नकार देऊ शकतो, असा त्यांचा आग्रह होता. म्हणजे शेवटचा कौल माणसाचा. डॉर्ड्रेख्टच्या धर्मसभेने १६१९ मध्ये हे फेटाळले. देव विश्वास नुसता पुढे करून घेणाऱ्याची वाट पाहत बसत नाही. विश्वास ठेवण्याची इच्छा आणि प्रत्यक्ष विश्वास, दोन्ही तोच निर्माण करतो. याच ठरावांतले एक कलम फार कमी वाचले जाते, आणि ते सर्वांत मोलाचे आहे: कृपा माणसाला दगड किंवा ओंडका समजत नाही, त्याची इच्छा मोडत नाही; ती इच्छेला जिवंत करते, बरी करते, वळवते. हे घडते सुवार्तेच्या उपदेशातून, म्हणून उपदेशकाचे काम संपत नाही.

१८२९ मध्ये मुंबईत आलेले मिशनरी जॉन विल्सन ज्या स्कॉटिश चर्चचे होते, त्याचा वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकारही हेच शिकवतो: कृपेने इच्छुक झालेला माणूस ख्रिस्ताकडे मोकळेपणाने येतो.

उरतो दोषाचा प्रश्न. जे जमतच नाही, त्याचा जाब कसा विचारायचा? अमेरिकन धर्मशास्त्रज्ञ जोनाथन एडवर्ड्स यांनी १७५४ मध्ये दोन असमर्थता वेगळ्या केल्या. पाय नसलेला माणूस शेजाऱ्याच्या दारी जाऊ शकत नाही. मनात द्वेष धरलेलाही जाऊ शकत नाही. पहिल्याला कोणी दोष देत नाही. दुसऱ्याचे पाय धड आहेत, त्याला जायचेच नाही. अविश्वास या दुसऱ्या प्रकारात मोडतो.