परसातले पाहुणे आणि स्वच्छतेचं खूळ

परंदवडीत राहायला आल्यापासून ऑफिसातल्या लोकांचा एक ठरलेला प्रश्न असतो, "अरे, रोज तिकडून हिंजवडीला येतोस? आहे काय एवढं तिथे?" हल्ली मी सांगतो, थिरथिरा आहे. लोकांना वाटतं थंडीबद्दल बोलतोय. :)

तर थिरथिरा म्हणजे चिमणीएवढा पक्षी. नर वरून काळा, पोट विटकरी, आणि शेपटी सारखी थरथरत असते. उन्हाळ्यात हिमालयात आणि त्यापलीकडे मध्य आशियात घरटी करतो, थंडीत आपल्याकडे उतरतो. सोमाटणे फाट्यावरच्या ट्रॅफिकला शिव्या घालत घरी यावं, तर पंधरा-एक ग्रॅमचं हे ध्यान मागच्या कंपाउंडवर बसलेलं. आपण प्रवासाची तक्रार कुठल्या तोंडाने करायची?

फोटो दाखवला की शेजारी म्हणतात, "अय्या, आपल्याकडे?" पण हे पाहुणे दर हिवाळ्यात येतातच. लाल गळ्याचा माशीमार तर थेट पूर्व युरोपापासूनच्या जंगलांतून येतो आणि आंब्याच्या फांदीवर शेपटी वर करून टिर्रर टिर्रर करत बसतो. निळ्या टोपीचा कस्तूर हिमालयातून सह्याद्रीत येतो आणि झाडाखालच्या पाचोळ्यात किडे शोधतो. पक्षी नेहमीचेच आहेत, कमी होत चाललाय तो पाचोळा.

आता मुद्द्यावर येतो. थंडी पडली की आमच्या सोसायटीला स्वच्छतेचा झटका येतो. पानं झाडून ढीग पेटवायचा, मागच्या मोकळ्या जागेतली झुडपं जेसीबीने साफ करायची, वर हिरवं लॉन अंथरायचं. यंदाही ठराव आलाय. मग तीच माणसं विचारतात, "पक्ष्यांना काय घालू रे?" तांदूळ टाकले तर पारवे येतील. थिरथिरा त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही. त्याला किडे लागतात, आणि किड्यांचं घर आपण नुकतंच जाळलेलं असतं.

"साप येतील" हा आक्षेप मला हास्यास्पद वाटत नाही. आजूबाजूला भातखाचरं आहेत, लहान मुलं खेळतात. पण साप मुख्यतः उंदरांमागे येतो आणि उंदीर उघड्या ओल्या कचऱ्यामागे. तो कचरा आधी झाका की! पाचोळाही दाराशी नको, लांबच्या कुंपणालगत दहा बाय दहा फुटांचा कोपरा मार्चअखेरपर्यंत तसाच राहू द्या. पुढे एप्रिलपर्यंत पाहुणे परततातच.

दर फेब्रुवारीत चार दिवस 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' असतो. १९९८ साली उत्तर अमेरिकेत सुरू झाला, २०१३ पासून जगभर. किमान पंधरा मिनिटं बसायचं, दिसले-ऐकले ते सगळे पक्षी 'ईबर्ड'वर नोंदवायचे. सगळे म्हणजे कावळे-साळुंक्यासुद्धा. आपल्या धंद्यातल्यांना सांगायला नको, लॉग पूर्ण असेल तरच एखादी एंट्री गायब असण्याला अर्थ येतो. फक्त भारी पक्षीच नोंदवले तर थिरथिरा आलाच नाही, की आपण लिहिलाच नाही, हे कसं कळणार?

असो. जेसीबीच्या ठरावावर रविवारी मीटिंग आहे. दहा बाय दहाची मागणी मी लेखी दिली आहे, दोन सह्या मिळाल्या आहेत. त्यातली एक आईची.