ओरडण्याचे काम

पांढरपेशा मराठी माणसाला प्रेक्षक होण्याचे शिक्षण लहानपणीच मिळते आणि ते एका शब्दात आटोपते: गप्प! नाटकाला गेलो की गप्प बसायचे, गाण्याला गेलो की नुसती मान हलवायची. फारच रंगले तर 'वा' म्हणायचे, तेही शेजारच्याची झोप मोडणार नाही इतक्या बेताने. आपल्याला मते नसतात असे नाही. पण ती घरी परतताना रिक्षात सांगायची. रंगमंचावर ज्याने घाम गाळला, त्या बिचाऱ्याच्या कानावर ती कधीच पडत नाहीत.

असे चाळीस-बेचाळीस वर्षांचे सुसंस्कृत मौन बरोबर घेऊन मी ८ सप्टेंबर २०२३ रोजी हैदराबादच्या गच्चीबावली भागातल्या इनडोअर स्टेडियममध्ये जाऊन बसलो. 'डब्ल्यूडब्ल्यूई' या अमेरिकन कंपनीच्या कुस्त्या होत्या. नेणारा माझा भाचा. तो तिथेच नोकरीला आहे आणि जॉन सीना हा पैलवान त्याचे शाळेपासूनचे दैवत. ते दैवत त्या रात्री भारतात प्रथमच लढणार होते.

'कुस्त्या' हा शब्द मी सवयीने वापरला. कोल्हापूरला शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग मैदानात लोक ओरडतात, कारण पुढे काय होणार हे कुणालाच ठाऊक नसते. इथे निकाल आधीच ठरलेला असतो, आणि ही काही कुणी चोरून फोडलेली बातमी नव्हे. सरकारी क्रीडा-नियमांच्या कचाट्यातून सुटण्यासाठी १९८९ साली न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे कंपनीनेच सांगून टाकले की, आमचे खेळ ही निव्वळ करमणूक आहे.

"मग ओरडायचं कशासाठी?" मी विचारले.

"मामा, त्यांचं सगळं ठरलेलं असतं. आपलं तेवढं ठरलेलं नसतं. उठा, ओरडा!"

पहिला धडा सोपा निघाला. सेथ रोलिन्स नावाचा पैलवान येताच सारे सभागृह त्याची धून गाऊ लागले. त्या गाण्याला शब्दच नाहीत, नुसता 'ओऽ ओऽ' असा आलाप. इतकी वर्षे शब्दांवर पोट भरलेल्या मला त्यात सामील व्हायला एक मिनिटही लागले नाही. दुसरा धडा मोजण्याचा. पैलवानाचे दोन्ही खांदे टेकले की पंच हात आपटून आकडे मोजतो आणि तिनाला निकाल लागतो. आपण त्याच्याबरोबर मोजायचे. 'दोन'नंतर खांदा उचलला गेला की हजारो माणसांचा सुस्कारा एकदम सुटतो. तिसरा धडा, छातीवर उघड्या पंजाचा फटका बसला की 'वूऽ' म्हणायचे. ही रिक फ्लेअर या जुन्या पैलवानाची देणगी.

चौथा धडा मात्र जड गेला. सीना आणि रोलिन्स यांच्याविरुद्ध लुडविग कायझर आणि जोव्हानी विंची ही जोडी उतरली. एक जर्मन, एक इटालियन. दोघांनीही माझे काही वाकडे केलेले नव्हते. त्यांची हुर्यो उडवायची कशी? पण सगळे उठले तसा मीही उठलो आणि पोटातून ओरडलो. गंमत अशी की, आम्ही जितके ओरडलो तितका त्यांचा ताठा वाढला, आणि त्यांचा ताठा वाढला तसा आमचा आवाज. तेव्हा मला आपले निळू फुले आठवले. पडदा पाहून बायका त्यांच्या नावाने बोटे मोडत. ती त्यांच्या कामाची पावती होती. इथे ती पावती हातोहात देता येते, इतकाच फरक.

आणि ही पावती खोटी नसते. जानेवारी २०१४ मध्ये पिट्सबर्गला कंपनीने मोठ्या सामन्याचा विजेता म्हणून बटिस्टाला उभे केले. लोकांना हवा होता डॅनियल ब्रायन, तो चणीने लहान, दाढीवाला गडी. नायक म्हणून आणलेल्या बटिस्टाला त्यांनी भर सभेत धुडकावले. पुढे आठवडेच्या आठवडे तर्जन्या आकाशाकडे उंचावून 'येस! येस!'चा गजर चालू राहिला. शेवटी कंपनीला बेत बदलावा लागला आणि ६ एप्रिल २०१४ रोजी न्यू ऑर्लिन्सला अजिंक्यपद ब्रायनच्या हाती पडले. लिहिलेली गोष्ट ऐकणाऱ्यांनी खोडून दुसरी लिहवून घेतली!

उलट मार्च २०२० मध्ये महामारी आली आणि हे खेळ रिकाम्या दालनात होऊ लागले. पैलवान तेच, डाव तेच, निकालही तसेच ठरलेले. पण फटका बसला की नुसता फटक्याचा आवाज येई, आणि तो ऐकताना कोणाची तरी तालीम चोरून पाहत असल्यासारखे वाटे. ऑगस्टपासून घरबसल्या प्रेक्षकांचे चेहरे पडद्यांवर मांडून, मुद्रित आरडाओरडा सोडून वेळ निभावली. खरी माणसे परतली ती जुलै २०२१ मध्ये.

मी मराठीचा प्राध्यापक. वर्गात समोर साठ मुले शांत बसतात. ती शांतता एकाग्रतेची की गैरहजेरीची, हे ओळखण्याची विद्या अजून कुणी शोधलेली नाही. कुस्तीवाल्याला ही अडचण नाही. आपण रंगलो की पडलो, हे त्याला त्याच क्षणी कळते.

वाचकहो, दिवाळी पहाटेची मैफल तुमच्याही गावात असेल. हुर्यो उडवा असे मी सुचवीत नाही. आपल्याला ते झेपणारही नाही. पण एखादी जागा काळजाला लागली, तर 'वा' जरा मोठ्याने म्हणा. रात्रभर गळा जपून पहाटे आलेल्या त्या गायकाला तो ऐकू गेला पाहिजे. शेजारचा जागा झाला तर होऊ द्या; तिकीट त्यानेही काढले आहे.