डब्यावरचं लेबल



या खेपेस आमच्या घरच्या वेबसाईटची गोष्ट सांगतो. आजी-आजोबांनी वाचावी आणि नातवंडांना समजावून सांगावी. किंवा उलटं, कारण यातलं अर्धं आम्हाला नातवानेच समजावून सांगितलं आहे.

२००५ साली आम्ही उभयतांनी हौसेने एक वेबसाईट काढली. आईला हात कापण्यामुळे लिहवत नव्हतं. ती खुर्चीत बसून सांगायची आणि आम्ही एका बोटाने टाईप करायचो. रोश हशानाचा चिकाचा हलवा, बिरडं, कोकणातल्या घराची हकीगत, कुणाचं लग्न कुठे झालं. अशी बेचाळीस पानं झाली. २०११ साली आई गेली. तिची मूळ वही घराच्या डागडुजीत कुठे गहाळ झाली ती झालीच. तेव्हा जे काही उरलं ते त्या वेबसाईटवर. आणि त्या वेबसाईटला आम्ही आई गेल्यापासून हातसुद्धा लावला नव्हता. काय लावायचा? चालली होती ना!

यंदा जागा भाड्याने देणाऱ्या कंपनीचं पत्र आलं. तुमची वेबसाईट पीएचपी ५.६ वर चालते, ती आम्ही महिनाअखेर बंद करणार. पीएचपी म्हणजे वेबसाईटच्या स्वयंपाकघरातली चूल समजा. या ५.६ ची देखभाल तिच्या कर्त्यांनी २०१८ च्या डिसेंबरातच थांबवली होती. म्हणजे पत्र उशिराच आलं म्हणायचं. आम्ही शुक्रवारी दुपारी, हिचा स्वयंपाक चालू असताना, बटण दाबून चूल एकदम ८ नंबरची केली. आणि पान पांढरं! अक्षर नाही, चित्र नाही, चुकीचा निरोपसुद्धा नाही. पुन्हा पुन्हा उघडलं. हिने आतून हाक मारली, "अहो, मेणबत्त्या लावायची वेळ झाली." कॉम्प्युटर बंद केला. तो शब्बाथ कसा गेला ते विचारू नका. हिने दोनदा विचारलं, "आईचं सगळं गेलं का हो?" आम्ही काय उत्तर देणार?

शनिवारी रात्री थोरला नातू आला. तो आम्हाला 'तू' म्हणतो, कारण हिब्रूत मोठ्यांनाही 'अता'च. म्हणाला, "सबा, तू बॅकअप घेतलास?" आम्ही म्हटलं, घेतला की. त्याने बघितला. त्यात फोटो होते, फायली होत्या, एक शब्द नव्हता! मुलांनो, हे लक्षात ठेवा. अशा वेबसाईटचे दोन भाग असतात. फायली वेगळ्या आणि मजकुराचा साठा, म्हणजे डेटाबेस, तो वेगळा. आम्ही घराची भांडी बांधून घेतली होती, धान्य तिथेच.

धान्य मात्र जागेवर होतं. नातवाने जुनी चूल परत लावली आणि पान दिसलं. आमचं वर्डप्रेस २०११ चं. डेटाबेसशी बोलायची त्याची जी जुनी रीत होती ती पीएचपी ७ मधून, म्हणजे २०१५ सालीच, काढून टाकलेली. म्हणून ते ८ वर मुकं झालं होतं. मग पायरी पायरीने जायचं ठरलं. आधी दोन्ही भागांची नक्कल. मग जुन्याच चुलीवर वर्डप्रेस ६.२ पर्यंत न्यायचं, कारण त्यापुढचं ५.६ वर चढत नाही. मग चूल बदलायची, मग उरलेलं. रात्री साडेअकराला नवी वेबसाईट उघडली. फोटो आले. इंग्रजी आलं. आणि आईच्या पानांवर नुसता किडामुंगीचा बाजार! डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, त्याच्यापुढे चार पायांचं वाटोळं, पुन्हा तो ए, पुन्हा ते वाटोळं. आम्ही खुर्चीवरून उठून गॅलरीत गेलो.

"सवलानुत, सबा," तो म्हणाला. धीर धर. अर्ध्या तासाने त्याने कारण सांगितलं, ते असं.

कॉम्प्युटर अक्षरं ओळखत नाही, आकड्यांची घरं ओळखतो. हल्लीच्या पद्धतीत, यूटीएफ-८ मध्ये, मराठीच्या दर अक्षराला तीन घरं लागतात, काना-मात्राही वेगळी धरून. हिब्रूला दोन. म्हणजे 'आई'ला सहा घरं, आणि हिब्रूतलं 'इमा' तीन अक्षरी, तिलाही सहाच. (हे ऐकून हिला फार बरं वाटलं.) आता २००५ मधल्या वर्डप्रेसची एक खोड होती. मजकूर यूटीएफ-८ मध्ये ठेवायचं आणि डब्यावर लेबल मात्र लॅटिन-१ चं, जे युरोपच्या भाषांचं आहे, जिथे एक घर म्हणजे एक अक्षर. २००७ साली नव्या वेबसाईटींसाठी ती खोड सुधारली, पण आमचे डबे जुनेच राहिले.

आमच्या आईच्या स्वयंपाकघरात असंच होतं. 'चहा' लिहिलेल्या डब्यात रवा, 'साखर' लिहिलेल्यात मीठ. आईला ठाऊक, त्यामुळे पंधरा वर्षं कुणाचं बिघडलं नाही. नवी सून आली, तिने लेबल वाचून चहात मीठ घातलं. ती सून म्हणजे आमची ही. आणि नातवाने जी नवी सेटिंगची फाईल केली होती, तीही तशीच लेबल वाचणारी. दर घराचं एक युरोपी अक्षर करून तिने वाढलं.

नातवाने फाईलमधल्या एका ओळीत जुन्या लेबलाचं नाव लिहिलं आणि आईची पानं लख्ख उभी राहिली. आम्ही म्हटलं, बस, बेसेदर, आता हात लावू नकोस. त्याने ऐकलं नाही. म्हणाला, पुढच्या खेपेस पुन्हा हेच होईल. त्याचं खरं होतं, पण आमचं वय झालं. डेटाबेसला नुसतं "लॅटिनचं यूटीएफ कर" असं सांगितलं तर तो किड्यामुंग्याच कायमच्या करून ठेवतो. म्हणून त्याने नकलेवर आधी लेबल पार खरवडून काढलं, म्हणजे 'हे नुसते आकडे आहेत' असं सांगितलं, आणि मग नवं खरं लेबल चिकटवलं. धान्य हलवलंच नाही. दीड वाजला होता.

आता आमची वेबसाईट मोबाईलवर मोठ्या अक्षरांत दिसते. पूर्वी दोन बोटांनी ताणावी लागायची. बेर शेव्हाच्या लेकीने दुसऱ्या दिवशी बसमध्ये बसून अख्खी कोकणची हकीगत वाचली आणि फोन केला. धाकट्या नातीने बिरड्याखाली एक हसरं तोंड टाकलं, त्याला चार घरं लागतात. निळी पार्श्वभूमी मात्र गेली. ती आईला आवडायची. नवी बरी आहे.

एक गोष्ट परत आली नाही. २००९ साली आम्ही शहाणपणाने दुसऱ्याच एका प्रोग्रॅममधून हलव्याच्या कृतीत एक आकडा दुरुस्त केला होता. त्या जागी आता प्रश्नचिन्ह आहे. नातू म्हणतो, किड्यामुंग्या परत अक्षरं होतात, प्रश्नचिन्हाचं काही होत नाही, तिथला आकडा पुसला गेला. ओळ अशी आहे की एक किलो गव्हाच्या चिकाला नारळ अमुक घ्यावेत. ही म्हणते तीन, आमची बहीण म्हणते पाच, आणि दोघींचा हलवा आईसारखा होत नाही. कुणा मावशीला, आत्याला ठाऊक असेल तर सणाच्या आत कळवावं.