यंत्राला दिलेले कुलमुखत्यारपत्र

कुलमुखत्यारपत्रातला एक ढिला शब्द माणसाची जमीन घालवतो, हे न्यायालयाची पायरी चढलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. 'व्यवहार पाहावा' एवढेच लिहिले, तर विकण्याचा अधिकार दिला की नाही, यावर वर्षानुवर्षे दावा चालतो. आज असाच कागद यंत्राला लिहून दिला जात आहे आणि ज्याच्या नावाने तो लिहिला जातो, त्याला त्याची जाणीवही नाही.

एआय एजंट म्हणजे मालकाच्या वतीने काम करणारी संगणकीय व्यवस्था. आपले ईमेल तिच्या हाती सोपवायचे तर तिला अवजारे द्यावी लागतात: पत्र शोधण्याचे, वाचण्याचे, उत्तर पाठवण्याचे, पुसण्याचे. प्रत्येक अवजाराला नाव, चार ओळींचे वर्णन आणि कोणती माहिती पुरवायची याचा तपशील जोडलेला असतो. अँथ्रॉपिक कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल'मध्ये हीच पद्धत आहे. माणूस लाल बटण पाहून थबकतो. यंत्रापुढे मात्र मुख्यतः हे वर्णनच असते. कोणते अवजार केव्हा उचलायचे, हे ते त्यावरून ठरवते. म्हणून हे निव्वळ माहितीपत्रक नव्हे. हेच मुखत्यारपत्र होय.

आता 'पत्र काढून टाकते' हे वर्णन घ्या. काढून टाकते म्हणजे नेमके काय करते? जीमेलमध्ये कचरापेटीत टाकलेले पत्र ३० दिवसांपर्यंत परत घेता येते. आयमॅप पद्धतीत तर पत्रावर पुसण्याची खूण करणे आणि ते प्रत्यक्ष नष्ट करणे या दोन वेगळ्या आज्ञा आहेत. 'उत्तर पाठवते' म्हणजे एकाला की सर्वांना? त्या यादीत विरुद्ध पक्षाचा वकील असेल, तर अशिलाचे गुपित क्षणात गेले! हे भेद वर्णनात स्पष्ट लिहिलेच पाहिजेत.

हा प्रश्न फक्त संगणकवाल्यांचा आहे काय? मुळीच नाही. माहिती अधिकारातील उत्तरावर पहिले अपील ३० दिवसांत करावे लागते. ते उत्तर यंत्राने जाहिरात समजून बाजूला सारले, तर मुदत कुणाची बुडते? माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ने इलेक्ट्रॉनिक अभिलेखाला कायदेशीर मान्यता दिली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार तो पुराव्यात आणता येतो. पण पत्रच नष्ट झाले तर पुरावा आणायचा कुठून?

चांगले शब्द लिहिले की काम भागले, असेही नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये 'पोस्टमार्क-एमसीपी' नावाचे अवजार उघडे पडले. सांगितलेले काम ईमेल पाठवण्याचे. आत दडवलेली एक ओळ मात्र प्रत्येक पत्राची प्रत गुपचूप तिसऱ्याकडे धाडत होती. त्याच वर्षी जूनमध्ये मायक्रोसॉफ्टच्या कोपायलटमधील 'एकोलीक' हा दोष जाहीर झाला. बाहेरून आलेल्या ईमेलात पेरलेला मजकूर यंत्र आज्ञा म्हणून पाळू शकत होते आणि संस्थेची माहिती बाहेर जाण्यास वाट मिळत होती. कंपनीने तो दोष दुरुस्त केला. धडा मात्र कायम आहे. 'पत्रातील मजकूर ही मालकाची आज्ञा नव्हे' असे वर्णनात लिहावेच, पण कुलूपही लावावे. काम केवळ वाचण्याचे असेल, तर पाठवण्याची परवानगीच देऊ नये. पुसण्यापूर्वी मालकाचा होकार घ्यावा आणि केलेल्या प्रत्येक कृतीची नोंद राहावी.

काही जण म्हणतील, यंत्र आता हुशार झाले आहे, ते समजून घेईल. हुशारी आणि अधिकार या भिन्न गोष्टी आहेत. मुखत्यार कितीही शहाणा असला, तरी पत्रात नसलेला अधिकार त्याला मिळत नाही.

आमचे म्हणणे एवढेच. ही वर्णने बहुधा इंग्रजीत लिहिली जातात. प्रोग्रॅमर लिहितो, यंत्र वाचते. ज्याचे टपाल, त्याच्या नजरेस ती पडतच नाहीत. ज्या कागदाच्या आधारे आमच्या नावाने काम चालते, तो आमच्या भाषेत आम्हाला वाचता आला पाहिजे. संस्था-संघटनांनी असे अवजार घेण्याआधी तीन प्रश्न लेखी विचारावेत: हे काय करते, काय करत नाही, आणि केलेले परत फिरवता येते का? उत्तर मिळेपर्यंत ईमेलची किल्ली देऊ नये. न वाचता अंगठा उठवण्याचे दिवस आपल्या आधीच्या पिढ्यांनी भोगले आहेत. ते संगणकाच्या पडद्यावर पुन्हा आणण्याचे कारण नाही.